रंग तोच, उजेड कमी: बहुरंगी एलईडीचा ड्रायव्हर लिहिताना

आज आपण चण्याएवढ्या एका दिव्याबद्दल बोलणार आहोत. राउटरवर असतो, इन्व्हर्टरवर असतो, लिफ्टच्या पॅनेलवर असतो. कधी हिरवा, कधी नारिंगी, कधी लाल. हा दिवा चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे त्याचा ड्रायव्हर, कसा लिहायचा हा आजचा विषय. काम शंभर-दीडशे ओळींचं. बहुतेक ठिकाणी ते टीममधल्या सगळ्यात नव्या मुलाकडे जातं, "तू आधी एलईडी लावून दाखव" म्हणून. आम्हीही तसंच केलं होतं. ते कसं अंगाशी आलं, तिथूनच सुरुवात करू.

नाशिक भागातलं द्राक्षांचं एक कोल्ड स्टोरेज. निर्यातीची द्राक्षं तोडल्यावर काही तासांत थंड करावी लागतात आणि पुढे शून्य अंशाच्या आसपास ठेवावी लागतात. तापमान वर गेलं आणि तसंच राहिलं की देठ वाळतात, मणी गळतात, बुरशी धरते. तिथल्या कंट्रोल पेटीचं इलेक्ट्रॉनिक्स आमचं होतं. पेटीवर एकच बहुरंगी दिवा. हिरवा म्हणजे सगळं ठीक. नारिंगी म्हणजे लक्ष असू द्या, दार जास्त वेळ उघडं राहिलंय किंवा डिफ्रॉस्ट चालू आहे. लाल म्हणजे कंप्रेसर बंद, लगेच मालकांना फोन करा. रात्री पेटीशेजारच्या केबिनमध्ये एक राखणदार बसायचे, सगळे त्यांना मामा म्हणत. मामांची तक्रार होती की दिवा डोळ्यांत घुसतो. रास्त तक्रार. मग आम्ही नाइट मोड टाकला: रात्री दहानंतर दिव्याचा उजेड २५५ पैकी २ वर.

आठवड्याभराने मामांचा फोन. "साहेब, रात्री दिवा लाल होतो अन् सकाळी बघावं तर नारिंगी." आम्ही पेटीचा लॉग मागवला. लॉगमध्ये रात्रीच्या वेळा स्वच्छ लिहिलेल्या: डिफ्रॉस्ट, नारिंगी. लाल कुठेच नाही. आम्ही म्हटलं, मामा, अंधारात तसं वाटत असेल. त्याआधी मामांनी दोनदा मालकांना रात्री दोन वाजता उठवून आणलं होतं, आणि दोन्ही वेळा कंप्रेसर मजेत चालू. तिसऱ्यांदा मालक चिडले. त्यानंतर मामांनी दिव्याकडे बघणं सोडलं. आणि ऐन हंगामात एका पहाटे कंप्रेसर खरंच ट्रिप झाला. दिवा खरंच लाल झाला. सात वाजेपर्यंत कोणी हललं नाही. एका खोलीतला माल निर्यातीऐवजी स्थानिक बाजारात काढावा लागला.

मामांना भास झालेला नव्हता. दिवा रात्री खरोखरच लाल होत होता. लॉगमध्ये होता तो आमच्या प्रोग्रामने मागितलेला रंग. काचेतून बाहेर पडलेला रंग लॉगला कुठून कळणार? या दोघांच्या मधलं अंतर म्हणजे ड्रायव्हर. आजचं सगळं बोलणं त्या अंतराबद्दल आहे.

आता दिव्याच्या आत बघू. बहुरंगी एलईडी म्हणजे एका टोपीखाली तीन वेगळे दिवे: लाल, हिरवा, निळा. डोळ्याने पाहता येईल असा प्रकाश देणारा लाल एलईडी निक होलोनियाक यांनी १९६२ मध्ये केला. प्रखर निळा मात्र १९९० च्या दशकात आला, आणि त्यासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. म्हणून जुन्या यंत्रांवर तुम्हाला लाल-हिरव्याची जोडगोळी दिसते, आणि दोन्ही एकदम लावले की होणारा नारिंगी. निळा त्या पंगतीत उशिरा आला.

एलईडी मंद करायचा तर आपण साधारणपणे त्याचा करंट कमी करत नाही. तो खूप वेगाने चालू-बंद करतो, आणि चालू राहण्याचा वाटा कमी-जास्त करतो. याला पीडब्ल्यूएम म्हणतात. ८ बिटांचं पीडब्ल्यूएम असेल तर २५५ पायऱ्या मिळतात: २५५ म्हणजे पूर्ण वेळ चालू, ० म्हणजे बंद. आमचा नारिंगी असा होता: लाल २५५, हिरवा ९६, निळा ०. प्रत्यक्ष दिव्याकडे बघत बघत ठरवलेला. आणि उजेड कमी करायचा हिशेब कोणीही लिहील तसाच: चॅनेलचा आकडा म्हणजे उजेड गुणिले रंगाचा आकडा, भागिले २५५.

आता उजेड २ ठेवा. लाल: २ गुणिले २५५ भागिले २५५, म्हणजे २. हिरवा: २ गुणिले ९६ म्हणजे १९२, भागिले २५५. उत्तर पाऊण. पण पूर्णांकांचा भागाकार अपूर्णांक टाकून देतो, म्हणून शून्य. लाल २, हिरवा ०. नारिंगीतला हिरवा गेला की काय उरतं? लाल. बस, एवढंच होतं ते. एका ओळीतला एक भागाकार.

इथे पहिली प्रतिक्रिया असते, "मग राउंड करा ना." केलं. पाऊण जवळच्या पूर्णांकाला, म्हणजे १ ला जातं. आता लाल २, हिरवा १. मूळ प्रमाण होतं ०.३८, आता झालं ०.५. नारिंगी पिवळटला. आणि उजेड १ वर नेला की हिरवा ०.३८, तो परत शून्यावर. राउंडिंगने दुखणं थोडं पुढे सरकतं, जात नाही. खरी अडचण अशी की दोनच पायऱ्या हातात असताना ०.३८ हे प्रमाण दाखवायला जागाच नसते. फूटपट्टीवर सेंटिमीटरच्या खुणा असतील तर मिलिमीटर मोजता येत नाही, तसंच.

लिनक्समध्ये हा प्रश्न कसा मांडला गेला ते बघण्यासारखं आहे, कारण तिथली मांडणी आम्हाला पुढे फार उपयोगी पडली. लिनक्समध्ये प्रत्येक एलईडी ही एक फाइलींची फोल्डर असते आणि त्यात ब्राइटनेस नावाची फाइल. तिच्यात आकडा लिहिला की दिवा तेवढा लागतो. वर ट्रिगर नावाची सोय: डिस्क वाचली जात असताना लुकलुक, नेटवर्कवर हालचाल असताना लुकलुक, असं. पण ही सगळी व्यवस्था एकरंगी दिव्यासाठी बनलेली. बहुरंगी दिवा आला की तो लाल, हिरवा, निळा अशा तीन वेगळ्या दिव्यांसारखा दिसायचा. तीन फाइली, तीन वेळा लिहिणं, आणि ट्रिगर लावायचा तर तो नेमका कोणाला? लालला लावला तर लाल लुकलुकणार आणि हिरवा ढिम्म.

टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या डॅन मर्फी यांनी यावर बहुरंगी एलईडींचा वेगळा वर्ग लिहिला आणि तो २०२० मध्ये कर्नेलच्या ५.९ आवृत्तीत आला. त्यातली कल्पना साधी आहे. दिवा एकच. ब्राइटनेस फाइलही एकच, पूर्वीसारखीच. रंग मात्र वेगळ्या फाइलीत, तिचं नाव मल्टी इंटेन्सिटी. तिच्यात तिन्ही आकडे एका ओळीत एकदम लिहायचे. म्हणजे रंग कोणता आणि उजेड किती, हे दोन प्रश्न कायमचे वेगळे झाले. ट्रिगर फक्त ब्राइटनेसला हात लावतो, त्यामुळे जुने सगळे ट्रिगर बहुरंगी दिव्यावर जसेच्या तसे चालतात. दिवा ज्या रंगाचा आहे त्या रंगात लुकलुकतो. कर्नेलच्या माहितीपुस्तिकेत उदाहरण आहे: लाल १३८, हिरवा ४३, निळा २२६, आणि उजेड २५५ पैकी १२८. उत्तर येतं लाल ६९, हिरवा २१, निळा ११३. हा जांभळट निळा, वेबपेज बनवणाऱ्यांना ब्लू-व्हायोलेट म्हणून ओळखीचा.

तिथे आणखी एक फाइल आहे, मल्टी इंडेक्स. लिहिण्याआधी ती वाचायची असते, कारण तीन आकड्यांचा क्रम कोणता हे तिच्यात असतं. "लाल, हिरवा, निळा असाच असणार" असं धरून चालू नका. बोर्डावर तारा कशा ओढल्यात त्यावर तो ठरतो. आपल्याकडे झगमगाटी पट्ट्यांत वापरतात त्या डब्ल्यूएस २८१२ जातीच्या दिव्यांत तर हिरवा आधी, मग लाल, मग निळा. क्रम चुकला आणि तुम्ही पांढरा लावून तपासलात, तर चूक कळणारच नाही, कारण पांढऱ्यात तिन्ही सारखे. तपासायचं असेल तर नारिंगीने तपासा.

रंग आणि उजेड वेगळे केले म्हणून भागाकाराची अडचण आपोआप सुटते का? नाही. मांडणी नीट झाली, फूटपट्टी तीच राहिली. त्यासाठी पायऱ्या वाढवाव्या लागतात. आम्ही पुढच्या पेटीत एलपी ५०२४ ही चिप घेतली. तिच्यात २४ वाटा आहेत, म्हणजे आठ बहुरंगी दिवे. प्रत्येक दिव्याला उजेडाचं एक रजिस्टर आणि रंगाची तीन रजिस्टरं, सगळी ८ बिटांची. गुणाकार चिपच्या आत होतो आणि बाहेर पडतं ते १२ बिटांचं पीडब्ल्यूएम, २९ किलोहर्ट्झवर. १२ बिट म्हणजे ४०९५ पायऱ्या. आता उजेड २ ठेवला तर लालला साधारण ३२ पायऱ्या मिळतात आणि हिरव्याला १२. प्रमाण ०.३७५. नारिंगी तो नारिंगीच.

पण जुन्या पेट्या आधीच शेतावर बसलेल्या होत्या, त्यांतली चिप बदलता येणार नव्हती. तिथे आम्ही उलटा हिशेब केला. या रंगातल्या सगळ्यात दुबळ्या चॅनेलला, म्हणजे हिरव्याला, किमान चार पायऱ्या मिळाल्याच पाहिजेत असं ठरवलं. ४ गुणिले २५५ भागिले ९६ म्हणजे साधारण १०.६. वरचा पूर्णांक ११. म्हणून नारिंगीचा उजेड ११ च्या खाली जाऊच द्यायचा नाही. ही किमान मर्यादा प्रत्येक रंगाची वेगळी निघते. शुद्ध लालला ती लागतच नाही, तो १ वरही लालच असतो. ड्रायव्हरमध्ये रंगांचा तक्ता असतो, त्यात प्रत्येक रंगापुढे हा आकडा लिहून ठेवायचा. वरून कोणी २ मागितला तर ड्रायव्हरने ११ द्यायचा आणि तसं परत कळवायचं, गुपचूप नाही.

आता ११ म्हणजे जेमतेम ४ टक्के. तुम्ही म्हणाल, पुरेसा मंद झाला की! इथे डोळा आडवा येतो. आपल्या डोळ्याला प्रकाश सरळ हिशेबाने जाणवत नाही. निम्मा प्रकाश केला तर तो निम्मा वाटत नाही, रंगशास्त्रातल्या नेहमीच्या मोजणीनुसार सुमारे तीन चतुर्थांश वाटतो. ४ टक्के प्रकाश जवळजवळ एक चतुर्थांश वाटतो. मामांनी त्यावर स्वतःचा इलाज काढला होता, गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटाचा तुकडा दिव्यावर चिकटवला होता. खरं सांगायचं तर तो आमच्या नाइट मोडपेक्षा सरस होता. रंग न बदलता उजेड कमी करत होता!

डोळ्याच्या या स्वभावामुळे ड्रायव्हरमध्ये गॅमाचा तक्ता ठेवतात. वापरणाऱ्याने मागितलेला आकडा आणि पीडब्ल्यूएमचा आकडा यांच्यामध्ये एक वक्र. गॅमा २.२ धरला तर १२८ मागितल्यावर पीडब्ल्यूएमला ५६ जातो, आणि तो डोळ्याला निम्म्याच्या आसपास वाटतो. छान. पण तळाशी काय होतं? ८ बिटांत ० पासून १४ पर्यंतचे सगळे आकडे शून्यावर जातात. वापरणाऱ्याने १० मागितला, दिवा बंद. १२ बिटांत त्याच १४ ला ७ पायऱ्या मिळतात. म्हणून आमचं मत असं, की ८ बिटांच्या पीडब्ल्यूएमवर गॅमा आणि मंद उजेड दोन्ही मागू नका. एक घ्या, दुसरं सोडा.

आणि हा वक्र उजेडाला लावायचा, रंगाला नाही. आमचा नारिंगी प्रत्यक्ष दिव्यावर ठरवलेला होता. त्यातल्या ९६ वर गॅमा लावला तर ३० होतो आणि नारिंगी लालसर होतो. याच्या उलट, रंग जर कॉम्प्युटरच्या पडद्यावरून उचलला असेल तर त्या आकड्यांत वक्र आधीच धरलेला असतो; ते तसेच एलईडीला दिले की रंग फिका, पांढुरका दिसतो. तेव्हा एकदा रूपांतर करून घ्यायचं आणि तक्त्यात लिहून टाकायचं. तक्त्यातले आकडे दिव्याचे आहेत की पडद्याचे, हे वर टिपेत नोंदवा. आम्ही ते लिहिलं नव्हतं, त्यामुळे सहा महिन्यांनी दुसऱ्याने येऊन तेच रूपांतर पुन्हा केलं.

थोडं हार्डवेअरकडे वळू, कारण ड्रायव्हरवाल्याने रेझिस्टरकडे बघायचं नाही असा काही नियम नाही. लाल एलईडीवर सुमारे २ व्होल्ट पडतात, हिरव्या-निळ्यावर सुमारे ३. ५ व्होल्टवर प्रत्येकाला १० मिलिअँपिअर द्यायचे तर लालला ३०० ओहम लागतो आणि निळ्याला २०० च्या आत. बोर्डावर तिघांना एकच रेझिस्टर घातलेला बरेचदा सापडतो. मग लाल वरचढ होतो आणि तो दोष सॉफ्टवेअरच्या तक्त्यात झाकावा लागतो, म्हणजे लालच्या २५५ पैकी शंभरएक पायऱ्या वाया. पुरवठा ३.३ व्होल्टचा असेल तर निळ्याला जेमतेम काही उरतं, आणि बॅटरी उतरली की पांढरा आधी पिवळसर होतो. त्यात डोळा हिरव्याला सगळ्यात जास्त दाद देतो, निळ्याला कमी. म्हणून तिघांना सारखा करंट दिला म्हणजे पांढरा मिळेल, ही आशा सोडा. प्रत्येक जातीच्या दिव्याचं प्रमाण एकदा मोजून तक्त्यात घालावं लागतं.

नव्या पेटीत आम्ही आणखी एक गोष्ट केली आणि तिला चार पैसेही लागले नाहीत: तिन्ही वाटांचा करंट एक चतुर्थांश केला. आजकालचे एलईडी एक-दोन मिलिअँपिअरवरही खोलीभर दिसतात. इंडिकेटरला २० मिलिअँपिअर देणं ही जुनी सवय आहे, दुसरं काही नाही. करंट चौथाई केला की तोच ११ चा उजेड जुन्या हिशेबात पावणेतीनला येतो. मामांना हवा होता तेवढा मंद, आणि सगळ्या पायऱ्या शाबूत.

आता बदलाच्या क्षणाकडे या. दिवा हिरव्याचा लाल होतोय. ड्रायव्हर आधी लाल चॅनेल लिहितो, मग हिरवा बंद करतो. मधल्या क्षणात दोन्ही चालू, म्हणजे पिवळा. आयटूसीच्या संथ वाटेवर, मध्ये दुसरं काम आलं, तर हा क्षण डोळ्याला दिसण्याइतका लांबतो. उपाय असा की तिन्ही आकडे एकाच व्यवहारात पाठवा. बऱ्याच चिप पत्ता आपोआप पुढे सरकवतात. पीसीए ९६८५ सारखी चिप तर व्यवहार संपल्याची खूण मिळाल्यावरच सगळ्या वाटा एकदम बदलते. मूळ सेटिंग तेच आहे, ते बदलू नका.

त्याच धर्तीवर, रंग हळूहळू विरघळवत बदलण्याचा मोह. दिसायला सुंदर. पण हिरव्यातून लालमध्ये विरघळताना वाटेत नारिंगी लागतो, आणि आपल्या पेटीवर नारिंगीला अर्थ आहे! सजावटीच्या दिव्यात विरघळवा. स्थिती सांगणाऱ्या दिव्यात एकदम बदला, नाहीतर मध्ये क्षणभर अंधार करा.

आणि ड्रायव्हरला कोण कुठून हाक मारतोय, तेही बघावं लागतं. टायमर किंवा इंटरप्टमधून हाक आली तर तिथे थांबायला परवानगी नसते. आयटूसीवर लिहिणं म्हणजे थांबणं. म्हणून लिनक्समध्ये उजेड बदलण्याच्या दोन वाटा ठेवल्यात: एक न थांबता होणारी, एक थांबू शकणारी. थांबणारी वाट दिलीत तर कर्नेल ते काम रांगेत टाकतं आणि सवडीने करतं. छोट्या मायक्रोकंट्रोलरवर ही रांग आपली आपण लिहायची. रांगेत दहा जुने रंग साठवायचे नाहीत, शेवटचा तेवढा ठेवायचा. तीन सेकंदांपूर्वीचा रंग आता दाखवून कोणाला काय करायचंय?

यापुढचा मुद्दा आम्हाला सगळ्यात गंभीर वाटतो. आमच्या टेबलावर आम्ही एक प्रयोग केला. पेटी चालू, दिवा हिरवा. डीबगरने प्रोसेसर मध्येच थांबवला. म्हणजे प्रोग्राम मेला, तापमान कोणी वाचत नाही. दिवा? हिरवाच. चिपला शेवटचा आकडा मिळालाय, ती तो इमानेइतबारे दाखवत राहणार. आठवडाभर ठेवलंत तरी हिरवाच राहील. रात्री नारिंगीचा लाल होणं त्रासाचं, पण मेलेल्या यंत्रावर हिरवा दिवा त्याहून वाईट.

यावर लोक म्हणतात, हिरवा लुकलुकता ठेवा, लुकलुक थांबली की कळेल. चांगलं आहे, पण लुकलुक करतं कोण? चिपच करत असेल तर प्रोसेसर मेल्यावरही ती चालू राहते. टायमर इंटरप्ट करत असेल तर मुख्य प्रोग्राम अडकला तरी इंटरप्ट चालतच असतो. लिनक्सचा हार्टबीट ट्रिगर कर्नेल चालवतं. तुमचा प्रोग्राम कोसळला तरी तो ठोके देत बसतो. म्हणून ठोका तापमान वाचणाऱ्या मूळ फेरीतूनच आला पाहिजे. आम्ही आता रंगाला मुदत लावतो. वरचा प्रोग्राम ड्रायव्हरला सांगतो, "स्थिती ठीक, पाच सेकंदांसाठी." पाच सेकंदांत पुन्हा सांगितलं नाही तर ड्रायव्हर स्वतः दिवा 'माहीत नाही'वर नेतो, आमच्याकडे तो पांढरा लुकलुकता. आणि ड्रायव्हरही मेला तर? त्यासाठी चिपची आउटपुट चालू ठेवणारी पिन एका छोट्या सर्किटला जोडली आहे. त्याला प्रोसेसरकडून सतत स्पंदनं मिळाली तरच दिवा पेटतो. स्पंदनं थांबली की अंधार. मामांना एवढंच सांगितलंय: दिवा दिसत नसेल तर लाल समजा.

तुमच्या लक्षात आलं असेल, वरचा प्रोग्राम "लाल २५५" असं म्हणत नाही, "स्थिती ठीक" म्हणतो. जुन्या कोडमध्ये रंगांचे आकडे अकरा ठिकाणी विखुरलेले होते. नाइट मोड टाकणाऱ्या मुलाला त्यातला कोणता आकडा धोक्याचा आणि कोणता नुसता शोभेचा हे कळायला मार्गच नव्हता. त्याने सगळ्यात खालच्या थरात एक भागाकार टाकला. त्याच्या जागी आम्ही असतो तर आम्हीही तेच केलं असतं.

आता प्रश्न घेऊ.

(सभागृहातून: डब्ल्यूएस २८१२ वापरला तर ही सगळी कटकट वाचणार नाही का? एक तार, स्वस्त, रंग तयार.)

वाचणार नाही, दुसरीकडे जाईल. तो दिवा प्रत्येक रंगाला ८ च बिट देतो, म्हणजे मंद उजेडाची अडचण तशीच. एक बिट सव्वा मायक्रोसेकंदाचा, चोवीस बिटांना ३० मायक्रोसेकंद. शून्य आणि एक यातला फरक एवढाच की तार वर किती वेळ राहिली, साधारण ०.४ की ०.८ मायक्रोसेकंद. मध्ये इंटरप्ट आला की बिट बिघडतो आणि दिवा भलताच रंग दाखवतो. म्हणून ते काम एसपीआय किंवा डीएमएकडे द्यावं लागतं. आणि त्याच्याकडून परत काही वाचता येत नाही, त्यामुळे त्याने काय ऐकलं ते कळत नाही. मांडवात, गणपतीच्या आराशीत खुशाल वापरा. कंप्रेसरच्या पेटीवर आम्ही नाही वापरणार.

(सभागृहातून: ज्यांना लाल-हिरवा ओळखू येत नाही त्यांचं काय?)

हा प्रश्न आम्ही स्वतःहून घ्यायला हवा होता. युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे ८ टक्के लोकांना लाल-हिरव्यातला फरक कमी कळतो. आपल्याकडेही असे लोक आहेतच, आणि बहुतेकांना कोणी कधी तपासलेलं नसतं. म्हणून अर्थ फक्त रंगावर टांगायचा नाही. आमच्याकडे हिरवा संथ ठोका देतो, नारिंगी स्थिर असतो, लाल सेकंदाला चार वेळा. रंग काढून टाकला तरी तिन्ही वेगळे ओळखता येतात. खरं तर हा नियम तेव्हा असता तर मामांना रात्रीही कळलं असतं की हा लाल तो लाल नव्हे.

आणि याच्याशी लागून एक गोष्ट राहिली. समजा तीनपैकी लाल चिप जळाली. मग धोक्याचा लाल म्हणजे अंधार, आणि नारिंगी म्हणजे फक्त ९६ चा हिरवा! म्हणजे इशारा चालू असताना पेटी 'ठीक' म्हणतेय. ठोका नाही म्हणून एखाद्याच्या लक्षात येईल, पण त्यावर विसंबू नये. म्हणून पेटीवर एक बटण आहे. मामा संध्याकाळी ड्यूटीवर आले की ते दाबतात. आधी लाल, मग हिरवा, मग निळा, एकेक सेकंद. तीन दिसले की वहीत बरोबरची खूण करतात, आणि मगच मोबाइलवर गाणी लावतात.